आधी पाकीट वाचा: वारसा आणि कलेच्या संस्थेत नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी

स्वयंसेवक म्हणून पहिल्याच आठवड्यात मला एक पत्र्याची पेटी दिली होती. आत एका बंद पडलेल्या नाट्यसंस्थेचे दोनशेच्या आसपास फोटो होते. तपकिरी पाकिटांत पाच-सहा, पाच-सहा करून भरलेले. पाकिटं फाटकी, कडा कुरतडलेल्या, वास कुबट. मी दिवसभर बसून सगळे फोटो बाहेर काढले, मऊ ब्रशनं धूळ झटकली, आकाराप्रमाणे लावून नव्या कोऱ्या खोक्यात ठेवले आणि पाकिटं कचऱ्यात टाकली. संध्याकाळी त्या खोक्याकडे बघून फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी संग्रह सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं, "पाकिटं कुठायत?"

प्रत्येक पाकिटावर फिकट पेन्सिलीनं नाटकाचं नाव, प्रयोगाची तारीख आणि फोटोतल्या माणसांची नावं लिहिलेली होती. कचरा तोवर गेला होता. ते फोटो आजही आमच्याकडे आहेत, चांगल्या अवस्थेत आहेत, पण त्यांतली बहुतेक माणसं आता नुसते चेहरे होऊन राहिली आहेत.

बाई रागावल्या नाहीत. शेजारी बसवून त्यांनी एवढंच सांगितलं, की वस्तू आणि तिची गोष्ट यांची ताटातूट होऊ द्यायची नाही, बाकी सगळं शिकता येतं. तुमचं आपल्या संस्थेत मनापासून स्वागत करताना मी तेच तुमच्याही हाती देते आहे. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं याच एका गोष्टीसाठी.

कॅनडातल्या कॅनेडियन कन्झर्वेशन इन्स्टिट्यूटनं संग्रहाला असलेल्या धोक्यांची दहा नावांची यादी केली आहे आणि ती जगभर वापरली जाते. आदळआपट, चोरी आणि नासधूस, आग, पाणी, कीड, प्रदूषण, प्रकाश, चुकीचं तापमान, चुकीची आर्द्रता, हे झाले नऊ. दहावा धोका म्हणजे संबंध तुटणं. वस्तू कपाटात सुरक्षित आहे, पण ती कुणाची, कुठली, कशासाठी होती हे हरवलं. पहिल्या नवांपासून वाचायला कुलूप, पडदा, बादली असं काहीतरी हाताशी असतं. दहावा धोका मात्र बहुतेक वेळा आपल्यासारख्याच कामसू, चांगल्या मनाच्या माणसाच्या हातून घडतो.

येण्याआधी

किती वेळ देता येईल ते स्वतःशी खरं बोलून ठरवा. आठवड्यातून दोन तास, पण ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी, हे संस्थेला "मी कधीही येईन" यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतं. संग्रहाचं काम सहसा दोघांनी मिळून करायचं असतं. तुम्ही आला नाहीत तर दुसऱ्याचाही दिवस फुकट जातो.

"मला कलेतलं काही कळत नाही" असं म्हणत बरेच जण दारातून परत जायला बघतात. कृपया जाऊ नका. हिशेब येणारा माणूस, सुबक अक्षर असलेला माणूस, शिवणटिपण येणारी व्यक्ती, निवृत्त वीजतंत्री, दोन भाषा बोलणारा विद्यार्थी, यांच्याशिवाय अशा संस्था चालत नाहीत. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेनं २०२२ मध्ये प्राग इथे संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली, तिच्यात लोकसमूहांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा तुमचं येणं हे संस्थेवर उपकार नाहीत आणि संस्थेचेही तुमच्यावर नाहीत. दोघांनाही एकमेकांची गरज आहे.

पहिल्या भेटीत एक अर्ज भरावा लागेल. त्यात अडीअडचणीला कुणाला फोन करायचा ते नाव जरूर द्या. धुळीची किंवा बुरशीची अ‍ॅलर्जी, दमा, पाठीचं दुखणं असेल तर लपवू नका. जुने कागद हाताळताना बुरशीचा त्रास खरोखर होतो, आणि तो होणाऱ्या माणसाला दुसरं काम देणं अगदी सोपं असतं. मग तुमच्या बाजूनं तीन गोष्टी विचारून घ्या: माझा सांगाती कोण, मला अपघात झाला तर विम्याची सोय आहे का, आणि येण्याजाण्याचा खर्च मिळतो का. हे विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही. ज्या संस्थेकडे याची उत्तरं तयार असतात ती संस्था आपल्या माणसांचा विचार करते असं समजा.

पहिला दिवस: नुसतं बघा

पहिल्या दिवशी कुठल्याही वस्तूला हात लावू नका. तुमच्या सांगात्याबरोबर इमारतीतून एक चक्कर मारा आणि चार जागा डोक्यात पक्क्या करा: बाहेर पडायचे दरवाजे, आग विझवायचं नळकांडं, विजेचा मुख्य स्विच, पाण्याचा मुख्य नळ. शेवटची जागा जुन्या स्वयंसेवकांनासुद्धा ठाऊक नसते. रात्री पाइप फुटल्यावर ती शोधत फिरण्यापेक्षा आज पाहून ठेवलेली बरी.

मग साठवणीच्या खोलीत जा आणि मान वर करून बघा. कुठल्या कपाटावरून पाइप जातो? कुठल्या भिंतीला ओल आहे? जमिनीवर थेट काही ठेवलंय का? खोलीत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र असेल. त्यावरचा आकडा ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला तर बुरशीला आमंत्रण मिळतं. कोपऱ्यांत कसर, वाळवीची माती, पंख गळलेले किडे दिसतात का ते पाहा. नव्या माणसाच्या नजरेला अशा गोष्टी पटकन दिसतात. आम्हाला त्या रोज पाहून दिसेनाशा झालेल्या असतात. तेव्हा जे दिसेल ते पहिल्याच दिवशी बोला.

पिशवी, पाण्याची बाटली, खाण्याचा डबा आणि शाईचं पेन दाराबाहेर राहील. आत फक्त शिसपेन्सिल. शाईचा एक ठिपका कागदावरून कधीच निघत नाही.

हात लावायचा कसा

उचलण्याआधी ठेवायची जागा ठरवा. ती मोकळी करा, त्यावर मऊ कापड किंवा फोम अंथरा, वाटेतली खुर्ची बाजूला करा, दार उघडं ठेवायला कुणाला तरी सांगा. मगच वस्तूकडे वळा. वस्तू हातात घेतल्यावर "आता ही ठेवू कुठे" असं म्हणत उभं राहिलेल्या माणसाकडूनच पडझड होते.

कुठलीही वस्तू तिच्या सर्वांत सोयीच्या दिसणाऱ्या भागाला धरून उचलू नका. हे ऐकायला विचित्र वाटेल. पण सुरईचा कान, खुर्चीचा हात, पेटीची कडी, पुस्तकाच्या पुठ्ठ्याची वरची कड, हेच भाग वर्षानुवर्षं ओढ सोसून आतून निकामी झालेले असतात. सुरई बुडाखाली एक हात आणि पोटाला दुसरा हात लावून उचला. खुर्ची बैठकीच्या चौकटीला धरा. फळीवरून पुस्तक काढताना दोन्ही बाजूंची पुस्तकं थोडी आत ढकला, म्हणजे मधल्या पुस्तकाची पाठ मध्यावर चिमटीत येते. चौकटीतलं चित्र उभं धरा, एक हात खाली, एक बाजूला, चित्राचा चेहरा आपल्याकडे. जुनं वस्त्र हातावर टांगून नेऊ नका, पूर्ण वस्त्राखाली मावेल असा पुठ्ठा सरकवा आणि पुठ्ठाच उचला.

हातमोज्यांबद्दल सगळ्यांच्या डोक्यात पांढऱ्या सुती मोज्यांचं चित्र असतं. कागद आणि पुस्तकांसाठी ते आम्ही वापरत नाही. मोज्यात बोटांना कागदाची कड जाणवत नाही आणि धाग्यात अडकून पान फाटतं. तिथे नुकतेच धुतलेले, पूर्ण कोरडे हात सर्वांत चांगले. त्यावर क्रीम लावलेलं नको. फोटो आणि धातूच्या वस्तू मात्र उघड्या हातानं धरू नका, कारण बोटांचा घाम आणि तेल त्यावर कायमचे ठसे सोडतं. तिथे नायट्राइलचे, म्हणजे पातळ कृत्रिम रबराचे, मोजे घाला.

आता सर्वांत अवघड सल्ला: साफ करू नका. सांगितल्याशिवाय काहीच पुसू नका, घासू नका, चिकटवू नका. आमच्याकडे एक व्हायोलिन आहे. हनुवटी टेकते तिथलं वार्निश उडालंय, हे बहुतेक व्हायोलिनांचं होतं. पण या वाद्याच्या खांद्यापाशी, डाव्या हाताचा तळवा येतो तिथे, एक गुळगुळीत, काळपट, लांबट डाग आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो मळ वाटतो. तो वर्षानुवर्षं वाजवणाऱ्याच्या तळव्याचा आहे. कुणीतरी भल्या मनानं कापसाच्या बोळ्यानं तो काढला असता तर वाद्य उजळलं असतं आणि वाजवणारा पुसला गेला असता.

इमारतींच्या आणि स्मारकांच्या संवर्धनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसला जी सनद तयार झाली, तिच्यात म्हटलंय की जिथून अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आपल्या टेबलावरही हा नियम लागू करा. कपाचा तुटलेला कान कसा असेल हे "साधारण" माहीत असणं पुरेसं नाही.

आणि हातून काही फुटलंच, तर? थांबा. जागेवरून हलू नका, म्हणजे तुकडे पायाखाली येणार नाहीत. फोटो काढा. बारीकसारीक कपच्यांसकट सगळे तुकडे एका डब्यात गोळा करा, एकमेकांवर जोडून बघण्याचा मोह टाळा, कारण कडा घासल्या की नंतर सांधा जुळत नाही. मग लगेच सांगा. सांगणाऱ्यावर आमच्याकडे कुणी आवाज चढवत नाही. लपवलेला तुकडा मात्र कायमचा जातो.

नोंद: आपल्या कामाचं काळीज

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्या माणसांना हे काम कंटाळवाणं वाटतं आणि खरं पाहता सगळा जीव यातच आहे.

संस्थेत आलेल्या प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक मिळतो. समजा एका वस्तूवर २०२५.७.३ असं लिहिलंय. म्हणजे २०२५ साली मिळालेल्या सातव्या देणगीतली ती तिसरी वस्तू. या तीन आकड्यांवरून वहीतलं पान सापडतं, पानावरून देणाऱ्याची सही असलेला कागद सापडतो, कागदावरून घर, माणूस, प्रसंग. आकडा गेला की ही सगळी साखळी एकदम तुटते. म्हणून क्रमांक वस्तूवर, खोक्यावर आणि वहीत अशा तीन ठिकाणी असतो.

वस्तूवर तो कसा लिहायचा हे वस्तूप्रमाणे बदलतं. कागदावर मागच्या बाजूला कोपऱ्यात मऊ टूबी पेन्सिलीनं, दाब न देता. वस्त्राला सुती नाडीच्या तुकड्यावर क्रमांक लिहून तो दोन सैल टाक्यांनी शिवायचा. चिनी मातीला किंवा धातूला बुडाशी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर द्यायचा, तो सुकला की त्यावर क्रमांक, त्यावर पुन्हा एक थर. हवा तेव्हा तो काढता येतो. हे काम शिकवल्यावरच करायचं. फोटो ठेवायच्या नव्या पाकिटावर मात्र आधी लिहा आणि मग फोटो आत घाला. फोटो आत असताना वरून लिहिलं तर अक्षरांचा वळ चित्रावर उमटतो.

आणि जुनी पाकिटं? ती आम्लामुळे पिवळी पडलेली असतात, फोटो त्यांत ठेवणं बरं नाही हे खरंच. म्हणून आधी पाकिटाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, त्यावरचा मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवा, चुकीचं शुद्धलेखनही तसंच, मग पाकिटाला फोटोचाच क्रमांक देऊन ते वेगळ्या खोक्यात ठेवा. क्रम बदलू नका. कुठला फोटो कुठल्या फोटोशेजारी होता, हीसुद्धा माहितीच असते.

आता वहीत काय लिहायचं. नव्या स्वयंसेवकाची पहिली नोंद बहुतेक वेळा अशी असते: "जुना सुंदर ढोल, बहुधा शंभर वर्षांपूर्वीचा." यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दावर पुढे वाद होऊ शकतो. तीच नोंद अशी लिहून बघा: "ढोल. लाकडी खोड, दोन्ही तोंडांना कातडं, एका बाजूचं कातडं ११ सेंटिमीटर फाटलेलं. उंची ५२, व्यास ३८ सेंटिमीटर. खोडावर आतून निळ्या रंगात दोन अक्षरं, वाचता येत नाहीत. देणाऱ्यांनी सांगितलं की त्यांचे आजोबा हा वाजवत." दिसलं ते वेगळं, मोजलं ते वेगळं, कुणी सांगितलं ते वेगळं. "आजोबांचा ढोल" असं लिहिलंत तर तुम्ही साक्ष दिलीत. "त्यांनी सांगितलं की" असं लिहिलंत तर पुढचा अभ्यासक ते तपासू शकतो. हा फरक एकदा अंगवळणी पडला की तुमची नोंद पन्नास वर्षांनीही कामाला येते.

प्रत्येक नोंदीखाली आपलं नाव आणि तारीख घाला. चूक दुरुस्त करायची तर जुनं खोडू नका. एक रेघ मारून वर नवं लिहा, सही करा.

एक सूचना दारावर येणाऱ्या वस्तूंबद्दल. कुणी प्रेमानं ट्रंक घेऊन येईल, "घ्या हो, घरात जागा नाही" म्हणेल. नम्रपणे सांगा की स्वीकारायचं की नाही ते समिती ठरवते, आणि त्यांचं नाव, फोन, वस्तूचं वर्णन लिहून घ्या. सहीशिवाय ठेवून घेतलेली ट्रंक दहा वर्षांनी कुणाचीच नसते. ना ती दाखवता येते, ना परत करता येते.

माणसांच्या आठवणी टिपताना

वारसा फक्त कपाटात नसतो. युनेस्कोनं २००३ साली अमूर्त वारशाच्या रक्षणासाठी करार केला तो यासाठीच, की गाणं, नाच, बोलीतल्या कथा, हातांची कारागिरी ही माणसांत जगते आणि माणसांबरोबर जाते. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या कामाला आमच्याकडे नेहमीच माणसं हवी असतात. मौखिक इतिहासाचं पद्धतशीर काम न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९४८ साली सुरू झालं, पण त्यासाठी विद्यापीठ लागत नाही. शांत खोली, बरं यंत्र आणि ऐकायची तयारी लागते.

पंखा बंद करा, भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही या आवाज न दाबता साठवणाऱ्या स्वरूपात, निदान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवा, एमपीथ्रीवर नको. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं बोला. संमतीपत्र आधी वाचून दाखवा आणि संपल्यावर पुन्हा विचारा, कारण काय बोलून जाणार आहोत हे आधी कुणालाच माहीत नसतं. एखादा भाग आपल्या हयातीत बाहेर जाऊ नये असं कुणी म्हटलं तर ते लिहून घ्या आणि शब्दशः पाळा.

प्रश्न लहान विचारा. "तेव्हा तालीम चांगली व्हायची ना?" यावर "हो" एवढंच मिळतं. "तालमीच्या खोलीत शिरल्यावर आधी काय दिसायचं?" यावर अख्खी खोली उभी राहते. आणि समोरचा माणूस थांबला तर तुम्ही बोलू नका. मनात दहापर्यंत आकडे मोजा. मी ज्या ज्या वेळी घाईनं पुढचा प्रश्न विचारला, त्या त्या वेळी ध्वनिफीत पुन्हा ऐकताना कळलं की ते काहीतरी सांगायच्या बेतात होते. तासाभरानं उठा, म्हातारी माणसं दमली तरी सांगत नाहीत.

घरी जाण्याआधी तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. लिहून काढताना बोली सुधारू नका. ज्या शब्दाचा अर्थ कळला नाही तो तसाच लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

प्रदर्शन, प्रयोग, कार्यशाळा

संस्थेचं हे अंग लोकांना दिसतं, आणि खूप जण त्यासाठीच येतात. खुर्च्या मांडा, तिकिटं फाडा, लहानांना रंग द्या, सगळं करा. काही नियम मात्र पाठ असू द्या.

मुलांच्या कार्यशाळेत एकटं मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत कधीच नसावं. नेहमी दोन मोठी माणसं हवीत. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय काढायचे नाहीत.

जुने कागद, जलरंगातली चित्रं आणि वस्त्रं मांडताना त्यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको. पाहुणे म्हणतील, "किती अंधार ठेवलाय!" त्यांना सांगा की उजेडानं उडालेला रंग परत येत नाही आणि नुकसान साठत जातं: ५०० लक्सचा एक तास आणि ५० लक्सचे दहा तास सारखेच. शिवाय दोन मिनिटं थांबलं की डोळ्यांना सवय होते. अशा वेळी पाहुण्याला एखादा बारकावा दाखवा, एखादी शिवण, एखादा कोपरा. अंधाराची तक्रार मग कुणी करत नाही.

वस्तू आपल्याकडे आहे म्हणून तिचे हक्क आपल्याकडे आहेत असं नव्हे. चित्र, संगीत, संहिता यांचा स्वामित्वहक्क बर्न या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतर निदान ५० वर्षं राहतो आणि बऱ्याच देशांत त्याहून जास्त. म्हणून संग्रहातल्या चित्राचा फोटो स्वतःच्या खात्यावर टाकण्याआधी विचारा. प्रयोग चित्रित करण्याआधी कलावंतांना विचारा. आणि लिहून घ्या.

पाणी शिरलं तर

४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीच्या पुरानं इटलीतलं फ्लोरेन्स बुडालं. नदीकाठच्या राष्ट्रीय मध्यवर्ती ग्रंथालयात पाणी आणि चिखल शिरला. तेव्हा देशोदेशींहून तरुण मुलंमुली आली, रांग लावून उभी राहिली आणि चिखलानं लडबडलेले ग्रंथ हातोहात वर देत राहिली. लोक त्यांना 'चिखलातले देवदूत' म्हणू लागले. त्यांच्यातले बहुतेक जण तुमच्यासारखेच नवखे होते. भिजलेली पुस्तकं वाचवायचं आजचं बरंच ज्ञान त्या चिखलातूनच वर आलं.

आपल्याकडे असं काही झालं तर आधी माणसं बाहेर, मग वीज बंद झाल्याची खात्री, मगच संग्रह. ओलं पुस्तक उघडू नका, चिखल खरवडू नका, चिकटलेली पानं सोडवू नका. ओल्या कागदावर सुमारे ४८ तासांत बुरशी धरते, म्हणून जे दोन दिवसांत वाळवता येणार नाही ते गोठवून ठेवायचं असतं. ते काम जाणकार ठरवतील. तुमचं काम म्हणजे खोकी बाहेर काढताना प्रत्येकावरचा क्रमांक आणि ते कुठल्या फळीवरून निघालं हे लिहीत राहणं. त्या गोंधळात कुणालाच हे सुचत नाही, आणि नंतर महिनोन् महिने सगळे त्याच कागदाच्या शोधात असतात.

दमलात, रागावलात, निघालात

जुन्या मंडळींचं बोलणं कधी लागेल. "आम्ही असंच करतो" हे वाक्य तुम्ही पुष्कळदा ऐकाल. कधी त्यामागे खरंच कारण असतं, कधी नुसती सवय असते. "का" म्हणून शांतपणे विचारा. मला नव्या लोकांच्या "का"मुळे दोन चुकीच्या सवयी सोडता आल्या. काम झेपत नसेल तर गायब होऊ नका, सांगून दुसरं मागा. आणि सोडून जायचं ठरवलंत तर अर्धं राहिलेलं काम एका पानावर लिहून ठेवा: कुठवर आलं, काय संशय आहे, कुणाला विचारायचं राहिलं.

फोटो ओळखायची सकाळ

तुमच्या पहिल्या तीन महिन्यांत ही एक सकाळ तरी तुमच्या वाट्याला येईल. आम्ही अनोळखी फोटोंच्या मोठ्या प्रती काढून टेबलावर पसरतो. मूळ फोटो कपाटातच राहतात. प्रत्येक प्रतीशेजारी कोरा कागद आणि पेन्सिल. गावातली वडीलधारी माणसं बोलावतो. तुम्ही फक्त शेजारी बसायचं. नाव सुचवायचं नाही, "ही तीच ना?" असंही म्हणायचं नाही. कोण म्हणालं, काय म्हणालं, किती खात्रीनं म्हणालं, ते लिहायचं. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहायची.

अशाच एका सकाळी एक आजी त्या पत्र्याच्या पेटीतल्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. राजाच्या वेशातल्या नटामागे चवरी धरून एक पोरगी उभी होती, चेहरा अर्धा झाकलेला. आजींनी तिच्या हाताकडे बोट दाखवलं. मनगटावर चिंधी बांधलेली दिसत होती, जी आम्हा कुणालाच आजवर दिसली नव्हती. "प्रयोगाआधी हात भाजला होता माझा," त्या म्हणाल्या, "तरी उभी राहिले." मग त्यांनी राजाचं नाव सांगितलं, नाटकाचं सांगितलं, आणि पडद्याआडून ज्याचा फक्त पाय दिसत होता त्याचंही.

मी सगळं पेन्सिलीनं लिहून घेतलं, खाली तारीख घातली, त्यांची सही घेतली. तो कागद आता फोटोच्याच क्रमांकानं ठेवला आहे. नव्या पाकिटावर त्यांचं नाव मी आधी लिहिलं आणि मग फोटो आत सरकवला.